चीफ समुद्राकडे पाठ करून बसतात

सुट्टीचे फोटो कोणी बघत नाही. चारशे काढले, तरी ते फोनमध्ये पडून राहतात. किस्से मात्र न काढता साठतात! सिंगापुरात जुरोंग ईस्टच्या आमच्या कॉन्डोत चहाला जमलो की पोर्तुगालमधल्या त्या कोळ्यांच्या गावावर गाडी येतेच.

आम्ही पाच जण. मी, बायको गौरी, लेक सई, शेजारचे चीफ आणि शुभावहिनी. चीफ म्हणजे जहाजावरचे चीफ इंजिनिअर. परतल्यावर चौथ्या दिवशी त्यांना पुन्हा जहाज गाठायचं होतं, तेही सहा महिन्यांसाठी! जहाजावर गेले की आठवडेच्या आठवडे फोन नाही, विचारलं तर रेंज नव्हती हे उत्तर ठरलेलं. वहिनींची एकच मागणी होती. "एक दिवस माझ्याशेजारी नुसतं बसा. इंजिन नको, काही नको."

चीफ म्हणाले, "डन!"

*

त्या दिवशी काहीही करायचं नाही असं ठरलं. मी आयटीवाला, तेव्हा सवयीने एक्सेल शीट केली. नऊ ते अकरा, आराम. अकरा ते साडेअकरा, चहा. साडेअकरा ते एक, आराम.

गौरीने ती बघितली आणि म्हणाली, "आरामाला उशीर झाला तर कोणाला एस्कलेट करायचं रे?"

*

दुपारी एका खानावळीत गेलो. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की टेबल आपलं. कोणाची बिशाद नाही बसायची! मीही ऐटीत पाकीट ठेवलं आणि हात धुवायला गेलो.

परत येतो तर एक आजोबा तिथे भाजलेले तारली मासे खात बसलेले. आमच्याच टिश्यूने मिशा पुसत होते! मला बघून त्यांनी छातीवर हात ठेवून आभार मानले. शेवटी बसलो शेजारच्या टेबलावर.

*

जेवण झाल्यावर सईने सगळ्यांच्या ताटल्या गोळा केल्या आणि थेट स्वयंपाकघरात नेऊन ठेवल्या. सिंगापुरात वाढलेली पोर, उष्टं टेबलावर सोडणं तिला माहीतच नाही.

मालकीणबाई धावत बाहेर आल्या. काही चुकलं का, जेवण आवडलं नाही का, अशी खाणाखुणांनी चौकशी सुरू. सई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आंटी, चिल लाह!" बाईंना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी पोरीचा गालगुच्चा घेतला आणि पाच कस्टर्डचे टार्ट फुकट आणून ठेवले.

*

मग किनाऱ्यावर खुर्च्या टाकल्या. वहिनी समुद्राकडे तोंड करून बसल्या. चीफनी आपली खुर्ची उलटी फिरवली.

"अहो, हे काय?"

"सुट्टीच्या दिवशी ऑफिसकडे तोंड करून कोण बसतं?"

वहिनी हसल्या. उलटा का होईना, माणूस शेजारी होता. वीस मिनिटं खरंच बसले. मग मागे धक्क्यावर एका होडीचं इंजिन खोकायला लागलं आणि चीफनी कान टवकारले. "डिझेलमध्ये हवा शिरलीय," म्हणाले आणि उठलेच!

वहिनींचा चेहरा उतरला. मला तर चीफचा रागच आला.

अर्ध्या तासात इंजिन सुरू. म्हातारा कोळी इतका खूश, की चला, फेरी मारून आणतो म्हणून बसला.

"हात धुऊन आलोच," चीफ म्हणाले.

तेवढ्यात वहिनी उठल्या. चपला हातात घेतल्या, साडी खोचली आणि चढल्या होडीत! चीफ हात पुसत आले तोवर होडी लांब गेली होती.

पहिली दहा मिनिटं ते हसले. मग "लाइफजॅकेट घातलं होतं ना हिने?" मग "वारा फिरलाय." मग नुसत्याच येरझाऱ्या. गौरीने पुढे केलेला चहा गार झाला. "येतील हो," मी म्हणालो, तर माझ्यावरच खेकसले.

दीड तासाने होडी आली. वहिनींचे केस विस्कटलेले, साडी भिजलेली, हातात मासळीची टोपली आणि चेहरा असा फुललेला!

चीफ ओरडलेच, "दीड तास, शुभा! इथे माणूस जीव मुठीत धरून बसलाय! एक फोन करता येत नाही?"

वहिनींनी टोपली त्यांच्या हातात दिली आणि शांतपणे चपला घातल्या.

"अहो, समुद्रात रेंज कुठे असते!"