ताई काय म्हणाली

माझी थोरली बहीण जन्मापासून मुकी-बहिरी. शाळेत कोणी घेतली नाही, त्यामुळे शिकवलेली खुणांची भाषा तिला कधी मिळाली नाही. आईने आणि तिने मिळून घरातच एक भाषा केली होती. कपाळावर बोट टेकवलं की आई, मिशीवरून फिरवलं की मी. आई गेली आणि ती भाषा समजणारा मी एकटा उरलो.

त्यानंतर ताईने जेवण टाकलं. केस विंचरेना. काजूच्या बागेत तासन् तास बसून राही. गावची नर्सबाई म्हणाली, "हिका मनाच्या डॉक्टराक दाखव. पण ते तालुक्याक म्हयन्यातसून एकदाच येतत."

पहिल्या महिन्यात एस्टी बदलून गेलो, तर डॉक्टर आलेच नव्हते. दुसऱ्या महिन्यात भेटले. तरुण होते, घाईत होते, पण भले होते.

"यांना काय होतंय, विचारा."

मी खुणेने विचारलं. ताईने हवेत गोल विहीर काढली. छातीवर बोट ठेवलं. हात वरून खाली सोडला. मग कपाळाला बोट लावलं.

दाराला पडदा नव्हता. आमच्याच वाडीतली दोन माणसं नंबर लावून दारात उभी होती.

"काय म्हणतात?"

"झोप लागत नाही, म्हणते."

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. एवढ्या मोठ्या गोष्टीचं मी किती थोडकं बोललो, ते तिला दिसलंच असणार.

घरी आल्यावर बायकोला खरं सांगितलं. ती म्हणाली, "अवो, ती तुमका सोडून आणि कोणाक सांगतली?"

तिसऱ्या दिवशी ताई विहिरीच्या कठड्यावर बसलेली सापडली. बायकोने मागून कवेत धरून तिला ओढली. दोघी चिखलात पडून रडत होत्या, एक आवाजाने, एक आवाजाविना.

मग जवळपास सोय नाही म्हणून एका लांबच्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिथे मी काही लपवलं नाही. तिला भरती करून घेतलं. म्हटलं, मी जवळ राहतो, तिचं बोलणं मलाच कळतं. "बायकांच्या वॉर्डात पुरुषाला राहता येणार नाही," असं उत्तर मिळालं. नियम बरोबरच होता. मी जिन्याखाली बसून राहिलो.

चौथ्या दिवशी भेटू दिलं. ताईचे दोन्ही हात पट्ट्यांनी खाटेला बांधलेले.

"हे काय?" मी वॉर्डातल्या नर्सला विचारलं.

"सारखी हातवारे करते हो. ऐकतच नाही."

"बाई, ती बोलत होती!"

मी ओरडलो. त्यांनी पट्ट्या सोडल्या, माफीही मागितली. ताईने मोकळे हात अंगाशी घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं.

आता ती घरी आहे. गोळ्या घेते, दिलं तर जेवते. दवाखान्याच्या कागदावर 'सुधारणा' लिहिलं आहे. पण त्या दिवसापासून तिने एकही खूण केलेली नाही. मी विचारतो, भूक लागली? दुखतं का? माझ्यावर रागावलीस? ती बघते आणि नजर काढून घेते.

बायको हल्ली माझ्याकडून खुणा शिकते. ताईसमोर बसून चुकतमाकत करून दाखवते. परवा तिने 'पाणी' म्हणायला भलतंच काहीतरी केलं. पूर्वी ताई असल्या चुकीला पोट धरून हसायची, बोट पकडून नीट करून द्यायची. या वेळी ताईने नुसते हात मांडीखाली सरकवले.