कळसूबाईवर मालू पुढे, मी मागे

श्रावणापासून आमच्या मालूनं बोलणं टाकलं होतं. भांडण नाही, रडणं नाही. "हो", "नाही" आणि "बघू" एवढ्या तीन शब्दांवर सोळा वर्षांची मुलगी घरात वावरत होती. मॅट्रिकनंतर तिनं पुण्याला मी शिकले त्याच कॉलेजात संस्कृत घ्यायचं, हे मी केव्हाच ठरवलं होतं. त्यावरही "बघू". हिच्या मनात काय आहे ते दिवाळीच्या सुट्टीत काढून घ्यायचंच, असा मी निश्चय केला. संगमनेरच्या घरात ते जमणार नव्हतं. म्हणून जेवताना म्हणाले, "आपण दोघी कळसूबाईला जाऊ."

तिनं ताटावरून वर पाहिलं. "तू चढशील?"

"कॉलेजात असताना सिंहगड चढले आहे."

"त्याला पंचवीस वर्षं झाली," आमचे हे भात कालवत म्हणाले.

तिथेच बेत पक्का झाला.

लढाईमुळे पेट्रोल नाही, तेव्हा सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. राजूरपर्यंत माणशी सव्वा रुपया घेतात, आणि चढ आला की उतरून ढकलायलाही लावतात. जाणाऱ्या भगिनींनी पांढरी लुगडी नेसू नयेत, राजूरला पोचेपर्यंत ती राखाडी होतात. मी मालूला विचारायचे सात प्रश्न मनाशी तयार ठेवले होते. अकोले यायच्या आत सातही संपले. उत्तरं तीच तीन.

राजूरला यांच्या ओळखीच्या एका शिक्षकांकडे मुक्काम केला. पुढे बारी गावापर्यंत बैलगाडी. ती आदल्या दिवशीच सांगून ठेवावी आणि उजाडताच निघावं. रस्ता असा आहे की बसण्यापेक्षा चालणं सुखाचं. मालू बरीचशी चाललीच, गाडीच्या पुढे, माझ्याकडे पाठ करून.

बारीत वाट दाखवायला सखूबाई मिळाल्या. पन्नाशीच्या, काटक. दर मंगळवारी देवीच्या दिव्याला तेल घेऊन शिखरावर जातात. त्या पैसे घेत नाहीत, तेव्हा दिव्यासाठी तेल आणि त्यांच्यासाठी गूळ न्यावा. त्यांच्या अंगणात नागलीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मालूनं दुसऱ्यांदा मागून घेतला. मग ती समोरच्या खाचराकडे बोट दाखवून म्हणाली, "मावशी, वरचं भात असं बुटकं का?"

"हळवं हाय ते. वर पानी टिकत न्हाई, म्हून लवकर येनारं लावायचं. उशिराचं गरवं खाली."

"आणि पाऊस मध्येच गेला तर?"

"मंग गरवं वाळतं, न् हळवं पोटाला घालतं."

"बी कुठून आणता?"

मी मोजत होते. वीस प्रश्न झाले. तीन शब्दांची माझी मुलगी! न राहवून मी म्हणाले, "मालू, त्यांना जेवू दे."

"इचारू द्या की बाई," सखूबाई म्हणाल्या. "लई दिसांनी कुनीतरी इचारतंय."

दुसऱ्या दिवशी पहाटे चढायला लागलो. पाचवारी नेसून येणाऱ्यांनी पायथ्याशीच बसावं. नऊवारीचा कासोटा घट्ट मारलेला बरा. उभ्या कड्याशी लोखंडी साखळी आहे. आधी सखूबाई वर गेल्या, मागून मालू, शेवटी मी. मालूनं साखळी धरली आणि मी खालून सुरू केलं, "उजवा पाय टाक! अगं, तो नव्हे! साखळी सोडू नकोस! खाली बघू नकोस!"

मालूचा पाय घसरला. ती साखळीला लोंबकळून कड्याला चिकटली. मी आणखी जोरात ओरडले.

"बाई, तुमी गप!" वरून सखूबाई कडाडल्या. "हितं खालच्यानं बोलायचं न्हाई. वरच्याला खडक दिसतो. खालच्याला नुस्ते पाय."

मी वीस वर्षं शाळेत शिकवते आहे. मला कोणी गप बसवलेलं आठवत नाही. बसले. मालूनं श्वास घेतला, पायानं चाचपून खाच शोधली आणि वर गेली. मग वळून वाकली.

"आई, डावा पाय. तिथं नको, जरा वर. खाच लागली? आता साखळी ओढ."

ती सांगेल तिथं मी पाय ठेवत गेले.

शिखरावर देवीचं चिमुकलं देऊळ आहे. खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं आणि पलीकडे डोंगरांच्या रांगा. "चढले!" मी पदर कमरेला खोचून ओरडले. मालू खदखदून हसली. श्रावणानंतर प्रथमच.

त्यानंतर मात्र मी गप्प होते. खरं सांगायचं तर दमच उरला नव्हता. त्या शांततेत ती म्हणाली, "आई, मला संस्कृत नको. मला शेतकी कॉलेजात जायचंय."

मुलगी? चिखलात? लोक काय म्हणतील? सगळं जिभेवर आलं. सखूबाई दिव्यात तेल घालता घालता माझ्याकडे बघत होत्या. मी एवढंच विचारलं, "कधीपासून?"

उतरताना बारीपर्यंत ती बोलत होती. बियांची वही, परसात लावलेले मुगाचे दोन वाफे, सगळं. मला वाटत होतं ते वाफे गड्यानं केलेत. "मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तू प्रश्न विचारतेस ना, तेव्हा उत्तर तुझ्याकडे तयारच असतं."

राहिलेली उतरण मी तिच्या मागोमाग उतरले.

घरी आल्यावर मालूनं वडिलांना सांगितलं. "शेतकी?" हे चष्मा काढून म्हणाले. "मुलींना घेतात का तिथं?" मी तोंड उघडणार तोच मालूनं माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं. तिनं स्वतःच त्यांना हळवं-गरवं समजावून सांगितलं. हे तासभर ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पत्र तर टाका."

त्याच संध्याकाळी कॉलेजला पत्र लिहिलं. मालूनं सांगितलं आणि मी लिहून घेतलं, मध्ये एकही शब्द न बोलता. साखळीपेक्षा ते अवघड गेलं. पण चढले.