दुप्पट चांदणी

नाताळ जवळ आला की पप्पा बांबूच्या कामट्यांची चांदणी करतात आणि कोल्हारच्या आमच्या घराच्या गच्चीवर टांगतात. ताई नर्स होऊन परदेशात गेली, त्यानंतरच्या पहिल्या नाताळात तिने व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, चांदणी कुठंय, नीट दिसत नाही. पप्पांनी ते वर्षभर मनात धरून ठेवलं. यंदा त्यांनी जुन्या चांदणीचं माप घेतलं आणि सगळ्या कामट्या दुप्पट लांब कापल्या. ताईला दिसली पाहिजे, एवढंच म्हणाले.

पतंगाचा कागदही त्यांनी दुप्पट आणला. मी सहसा मध्ये बोलत नाही, पण कागद चौपट लागेल हे सांगितलं.

"दुप्पट चांदणीला दुप्पटच लागंल की," पप्पा म्हणाले. "लई फी घेतली तुझ्या शाळेनं, हे शिकवायला."

मम्मी हसली, मीही हसले. पुढची बाजू चिकटवून झाली आणि कागद संपला. मागची बाजू तशीच उघडी. पप्पांनी खळीचं भांडं खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. ताईचा कॉल तिच्या ड्युटीआधी यायचा होता, बाजारात जाऊन येण्याइतका वेळ नव्हता. मम्मी आत गेली आणि कपाटातून ताईची कॉलेजमधली पांढरी ओढणी घेऊन आली. आम्ही ती मागून ताणून बांधली.

हे गणित मला ताईनेच शिकवलं होतं. पुस्तकातलं स्केल फॅक्टर डोक्यात शिरत नव्हतं, तेव्हा तिने ओट्यावर काड्यापेट्या रचल्या. दोन लांब, दोन रुंद, दोन उंच. आठ पेट्यांची मिळून हुबेहूब तशीच एक मोठी पेटी झाली. "लांबी दुप्पट," ती म्हणाली, "वरून कागद लावायचा तर चौपट, आणि आतली जागा आठपट."

बल्ब लावायला मी चांदणीत हात घातला. जुन्या चांदणीत मनगट आत गेलं की होल्डर लागायचा. आता हात कोपरापर्यंत गेला, तरी चाचपावंच लागलं. आत नुसती जागाच जागा. नेहमीचा बल्ब त्यात मिणमिणायला लागला, म्हणून पप्पांनी गोठ्यातला मोठा काढून आणला.

कॉल आला. पप्पांच्या अंगठ्याला कामटी लागली होती, त्यावर चिंधी गुंडाळून ते मोबाईल धरून उभे राहिले. चांदणी स्क्रीनमध्ये मावेना. ते मागे सरकत गेले, पार कठड्याला टेकले, तेव्हा कुठे ती पूर्ण आली. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. बोटाएवढी चांदणी. मागच्या वर्षी दिसली होती तेवढीच.

ताईने चेहरा स्क्रीनजवळ आणला. मग तिने विचारलं, "पप्पा, ही आपली जुनीच ना? बदलली नाही ना?"

पप्पांनी चांदणीकडे बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "तीच हाय."

"राहू द्या तशीच. मला आल्यावर तीच बघायचीय."

कधी येशील, हे त्यांनी विचारलं नाही. सुट्टी मिळत नाही हे तिने आधीच सांगितलं होतं. कॉल संपल्यावर ते चांदणीपाशी आले आणि तिची एक कड सरळ करत राहिले. मी मागच्या बाजूला गेले. ओढणीच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या, आतल्या उजेडात त्या एकेक दिसत होत्या.