लाल चिंधीचा ब्रश

यवतला हायवेच्या कडेला रखमाजीचं पत्रेकामाचं दुकान होतं. घरात आजवर सगळ्यांनी मेंढरं राखलेली; हा मात्र पुण्याच्या कारखान्यात पत्रा कापायला, वाकवायला, जोडायला शिकून आला. हात चांगला, पण जीभ आवरायची नाही.

अठ्ठ्याण्णव साली गावच्या दूध डेअरीला नवी टाकी हवी होती. चेअरमन मारुतरावांना ती अ‍ॅल्युमिनियमची हवी होती. हलकी आणि न गंजणारी. रखमाजीने कमिटीसमोर नकार दिला. तुम्ही टाकी सोड्याच्या पाण्याने धुता, सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातो, वर्षात खड्डे पडतील, स्टीलच घ्या, असं त्याने सांगितलं. तेवढ्यावर थांबला असता तर बरं. स्टीलला डाग पडला तर दुकानाला कुलूप लावीन, असंही बोलून बसला.

टाकी बसली आणि आठव्या दिवशी तिच्या सांध्यांवर तांबडे डाग उमटले.

बोलावणं आलं. हलक्या प्रतीचा पत्रा लावून फसवलंस, असं कमिटीतल्या एकाने तोंडावर सांगितलं. रखमाजीने डागावर बोट फिरवलं, तर बोट तांबडं झालं. दुकान तर जाईलच, वर चोर म्हणून नाव होईल.

मारुतरावांनी त्याला बाजूला घेतलं.

"दौंडच्या सावळारामनं खराब माल दिला म्हन. त्याचं आमी बगतो. तू सुटलास."

सावळाराम हा पत्र्याचा व्यापारी. पत्रा पारखायला रखमाजीला त्यानेच शिकवलं होतं. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. रखमाजीची नजर पुन्हा टाकीवर गेली. डाग फक्त सांध्यांवर होते, बाकी पत्रा लख्ख होता. आणि मग त्याला आठवलं. दुकानात दोन ब्रश होते. एक लोखंडी तारेचा, ग्रिल आणि ट्रॉल्या घासायला. दुसरा स्टीलच्या तारेचा, ओळखू यावा म्हणून दांड्याला लाल चिंधी बांधलेला. टाकी बसवायच्या दिवशी चिंधीचा ब्रश दुकानात राहिला होता. परत जायचा कंटाळा केला आणि पिशवीतल्या लोखंडी ब्रशनेच त्याने सांधे घासले. लोखंडाचा कीस पत्र्यात बसला आणि तोच गंजला.

"न्हाई आप्पा," तो मारुतरावांना म्हणाला. "पत्रा चोख हाय. चूक माजी हाय."

कुणाला पटलं नाही. तू आणि सावळाराम सामील आहात, असाच सूर निघाला. तेव्हा रखमाजीने त्याच पत्र्याचा उरलेला तुकडा आणला, मधोमध रेघ मारली आणि सगळ्यांदेखत एक बाजू लोखंडी ब्रशने, दुसरी चिंधीच्या ब्रशने घासली. तुकडा ओल्या पोत्यात गुंडाळून मारुतरावांच्या कपाटात ठेवला. तीन दिवसांनी उघडायचं ठरलं.

त्या तीन दिवसांत बायको तानुबाईने एकदाच विचारलं, "दोन्हीकडं डाग पडलं, तर वो?" तर सावळारामच फसवा निघणार होता.

तिसऱ्या दिवशी पोतं उघडलं. अर्धा तुकडा तांबडा, अर्धा लख्ख.

"म्हंजी तू चोर न्हाईस," मारुतराव म्हणाले.

"न्हाई. आळशी हाय."

त्याच दुपारी त्याने अ‍ॅसिड लावून सांधे साफ केले, टाकी दहादा धुतली. मग दुकानाला कुलूप लावलं आणि किल्ली मारुतरावांच्या हातात दिली. ते नको नको म्हणत राहिले, हा ऐकेना. शब्द त्याचा होता आणि डाग पडला होता.

पुढचे आठ दिवस मारुतराव रोज टाकीत वाकून बघत होते; डाग परत उमटला नाही. नवव्या दिवशी ते स्वतः दुकानापाशी आले, कुलूप काढलं आणि आत जाऊन पहिल्यांदा तो चिंधीचा ब्रश शोधला. तो त्यांनी रखमाजीच्या पिशवीत घातला आणि म्हणाले, "केडगावची डेअरी टाकी मागतीया. चल."