नव्या डब्यातलं गाऱ्हाणं

सांगतो, पण आधी तोंडातला चहा गिळून घ्या. मागे हा प्रकार सांगितला तेव्हा आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला होता. माणसाने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला तर निदान गुपचूप घ्यावा की नाही? मी तो अख्ख्या गाडीला ऐकवून मारून घेतला!

तर आमची सकाळची पॅसेंजर. मी तेव्हा राहायचो रत्नागिरीत आणि कचेरी चिपळूणला. कुठलं खातं ते विचारू नका, आधीच पुरेशी शोभा झालीय. वर्षानुवर्षं मी त्याच गाडीने जायचो-यायचो. डबे असे, की खिडकी उघडली तर लागायची नाही आणि लागली तर उघडायची नाही. मग एक दिवस कळलं, की तेच डबे कारखान्यात नेऊन नव्यासारखे करून आणलेत. नवा रंग, मऊ गाद्या, आपोआप लागणारी दारं, वर पुढचं स्टेशन सांगणारी बाई! म्हणजे बाई नव्हे हो, बाईचा आवाज.

पहिल्याच दिवशी बायकोने माझ्या पिशवीत जेवणाच्या डब्याबरोबर नारळ घातला. "गाडी नवी झालीय, फोडा कुठेतरी," म्हणाली.

माझं मात्र गाडीत लक्ष नव्हतं. मला हवी होती रत्नागिरीला बदली, आणि ती अप्पांसाठी. अप्पा म्हणजे माझे वडील. म्हातारा संध्याकाळी पायरीवर बसून माझी वाट बघायचा आणि मी आल्याशिवाय पानावर बसायचा नाही. गाडी लेट झाली की अप्पा उपाशी. मला फार लागायचं ते. बदली होती आमच्या साहेबांच्या हातात. साहेब कोल्हापूरचे, बसतात रत्नागिरीच्या मुख्य कचेरीत. आणि नेमके त्याच दिवशी ते चिपळूणची तपासणी करायला त्याच गाडीने निघाले होते, पहिल्या डब्यातून. प्लॅटफॉर्मवर मी त्यांना इतका वाकून नमस्कार केला, की पिशवीतला नारळ माझ्या गुडघ्यावर बसला.

मग मी आमच्या नेहमीच्या शेवटच्या डब्यात शिरलो. तिथे सुर्वे होता, माझा रोजचा सोबती. आणि शेवंतीमावशी होती, सुकी मासळी घेऊन चिपळूणच्या बाजाराला जाणारी.

"भाटकर, आपल्या डब्यातली बाई बोलतच नाही," सुर्वे म्हणाला. "बाजूच्या डब्यात बोलते. मी जाऊन ऐकून आलो."

"रुसली असेल," मी म्हटलं.

पाटीची तर वेगळीच तऱ्हा. गाडीने रत्नागिरी सोडली तरी पाटीवर 'पुढील स्थानक रत्नागिरी'! पण गाद्या मऊ होत्या, पंखे फिरत होते, आम्ही खूश होतो. उक्षीपर्यंत.

उक्षीला दारं उघडली. लागली. परत उघडली. परत लागली. पुढच्या कुठल्याशा डब्याचं एक दार मात्र काही केल्या लागेना, आणि सगळी दारं लागल्याशिवाय ही नवी गाडी हलतच नाही म्हणे! जुनी गाडी बरी होती. तिला दारं आहेत हेच तिला माहीत नव्हतं.

गार्ड हातात पाना घेऊन पुढे धावला. आम्ही बसलो. बसलो म्हणजे बसलोच. मी सारखं घड्याळ बघत होतो, कारण साहेब तपासणीला उशिरा पोचणार, म्हणजे चिडणार, म्हणजे माझी बदली खड्ड्यात.

"नवी गाडी केली," शेवंतीमावशी टोपलीवर हात ठेवून म्हणाली, "पण कोनी नारल फोडला काय? गाऱ्हाना घातला काय? मंग दार कसा लागंल वो?"

मुद्दा बिनतोड होता! आमच्याकडे नवी होडी पाण्यात घाला नाहीतर नवी रिक्षा आणा, आधी कुणीतरी जाणता माणूस उभा राहतो, देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, आणि जमलेले सगळे वाक्यावाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्याशिवाय आमचं चाक हलत नाही.

"भाटकर, तुम्ही घाला," सुर्वे म्हणाला. "तुमचे अप्पा पूर्णगडला घालायचे ना?"

घालायचे? अहो, अप्पांचं गाऱ्हाणं खाडीपलीकडे ऐकू जायचं! त्यांचा मुलगा मी. कशाला मागे हटतोय? उभा राहिलो, नारळ हातात घेतला. पिशवीची अडचण होत होती, म्हणून ती खुंटीला अडकवली. जुन्या डब्यात दाराशेजारी माझी ठरलेली खुंटी होती. नव्या डब्यात त्याच जागी छान स्टीलचा दांडा दिसला. पिशवी अडकवताच तो किंचित खाली गेला आणि वर हिरवा दिवा लागला. मला वाटलं, वा! शुभशकुन!

"बा देवा म्हाराजा!" मी आवाज लावला.

"व्हय म्हाराजा!" डबा म्हणाला.

"आज ही गाडी नवी होऊन तुझ्या दारातनं निघाली आहे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या दाराला जी काय इडापिडा आडवी आली असंल, ती दूर कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता बाजूच्या डब्यातूनही आवाज आला. मग त्याच्या पलीकडूनही. मी थरारलो. इतकी वर्षं मी कचेरीत हळू आवाजात बोलत आलो आणि माझ्या गळ्यात हे होतं? अप्पांचा गळा तो, वाया कसा जाईल!

"बदलीचंही घाला की," सुर्वे कानात कुजबुजला.

घालायला नको होतं. पण माणूस रंगात आला की त्याला कोण आवरणार? आणि गाऱ्हाण्यात मागणाऱ्याचं नाव-गाव सांगावंच लागतं. नाहीतर कुणाचं मागणं आहे हे देवाला कळणार कसं?

"मी तुझा लेकरू, पूर्णगडचा भाटकर, चिपळूणच्या कचेरीत पडलो आहे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझा साहेब कोल्हापूरचा आहे! दुपारी जेवला की खुर्चीत घोरतो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी सगळी गाडी दणाणली. मध्येच हसण्याचा लोटही आला. मला वाटलं, भक्तीचा आनंद.

"सही करायची म्हटली की त्याचा हात जड होतो! त्याला बुद्धी दे आणि माझी बदली कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

आणि काय सांगू! दारं लागली. सगळी! गाडी हलली. डब्यात टाळ्या. शेवंतीमावशीने कडाकडा बोटं मोडून माझी दृष्ट काढली आणि मूठभर सुका जवळा कागदात बांधून दिला. मी चिपळूणपर्यंत एखाद्या मानकऱ्यासारखा ताठ बसून होतो. पिशवी तिथेच, खुंटीवर.

चिपळूणला उतरलो तर प्लॅटफॉर्मवर अनोळखी माणसं मला बघून "व्हय म्हाराजा!" म्हणायला लागली. मी हात वर करून सगळ्यांचा स्वीकार करत होतो. तेवढ्यात मागून गार्ड माझी पिशवी घेऊन आला.

"ही तुमची? अहो, तो दांडा प्रवाशाने अडचणीत गार्डशी बोलायचा आहे! वायरी कुठेतरी उलटसुलट जोडल्यात, म्हणून तुमचं बोलणं सगळ्या डब्यांतल्या भोंग्यांतून गेलं. मी पुढे दाराशी झटत होतो, मला दोन्ही कानांनी ऐकावं लागलं!"

"सगळ्या डब्यांत?" माझा आवाज परत कचेरीतला झाला. "पहिल्यासुद्धा?"

"पयल्या डब्यात तर लई स्वच्छ येत होतं बघा," मागून कुणीतरी म्हणालं.

साहेब!

त्यांनी दिवसभर तपासणी केली. दुपारी जेवले आणि माझ्याकडे एकटक बघत, डोळे ताणून जागे राहिले. निघताना खांद्यावर हात ठेवला. "भाटकर, बदली मागितलासा न्हवं? देव पावला म्हणून समजा."

खरंच पावला. आठवडाभरात बदली झाली. मंडणगडला!

जिल्ह्याच्या पार त्या टोकाला. तिथे रेल्वेच नाही, म्हणजे नवी नाही की जुनी नाही. साहेबांनी माणूस आणि भोंगा यांची कायमची ताटातूट केली. आता मी तिथे खोली घेऊन राहतो आणि शनिवारी एसटीने घरी येतो. अप्पा रोज वेळेवर जेवतात, कारण वाट बघायला कुणी येणारच नसतं. हे सांगताना मात्र मला हसू येत नाही.

पहिल्या शनिवारी घरी आलो आणि अप्पांना सगळं सांगितलं. म्हटलं, देवाने असं का केलं असेल? त्यांनी शांतपणे सुपारी कातरली.

"नाव सांगितलास?"

"सांगितलं."

"गाव?"

"सांगितलं."

"साहेब घोरतो, ता पण सांगितलास. आनि बदली कुठं पायजे, ता?"

'बदली कर' एवढंच म्हणालो होतो. रत्नागिरीचं नावच घेतलं नव्हतं!

अप्पा उठले. कोपऱ्यातला, गाडीत फोडायचा राहिलेला तोच नारळ घेतला, पायात चपला सरकवल्या आणि देवळाच्या वाटेला लागले. मी मागोमाग निघालो, तसे वळून म्हणाले, "चल. पन आता गाऱ्हाना मी घालनार. तू निस्ता 'व्हय म्हाराजा' म्हन."