पाळकीणबाईंची पुस्तकं आणि माझी चौथीची अक्कल

आमच्या चर्चला नवे पाळकसाहेब आले तेव्हा त्यांच्या सामानाचा टेम्पो आला. खाट एक, टेबल एक, भांडी बेताची, आणि बाकी सगळी खोकी. मी मदतीला गेले. मदत म्हणजे काय, खोक्यांत काय आहे ते बघायला. एक उचलायला गेले आणि कमरेत उसण भरली. आत पुस्तकं.

"कोणाची हो एवढी?" मी विचारलं.

पाळकसाहेबांनी हळूच बायकोकडे बोट दाखवलं.

ती पाळकीणबाई. पस्तिशीची, किडकिडीत, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. लग्नाआधी एका मोठ्या वाचनालयात कामाला होती. नुसती पुस्तकं देण्याघेण्याच्या नव्हे, कुठली घ्यायची ते ठरवण्याच्या कामाला. मग लग्न झालं, नवऱ्याच्या बदल्या सुरू झाल्या आणि ते काम मागेच राहिलं. आता ती फुलं लावायची, आजाऱ्यांना भेटायची, चहाचे कप मोजून घ्यायची. सगळं नीट करायची, पण परक्याच्या घरी काम करावं तसं.

एकदा तिनं धीर करून चर्चच्या कमिटीपुढे मागणी केली. बायकांसाठी पुस्तकमंडळ काढू या. महिन्यातून एकदा बसायचं, सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं आणि त्यावर बोलायचं. पुस्तकं चर्चनं घ्यावीत. कमिटीला पटलं. आमचे सेक्रेटरीसाहेब चांगले माणूस, पण शाळेच्या तपासनीसाचं काम करून निवृत्त झालेले. त्यांनी सहज विचारलं, "चांगलं पुस्तक तुम्ही ओळखता कसं?"

ही म्हणाली, "वाचनालयातून जे सगळ्यात जास्त चोरीला जातं ते."

झालं! मंडळ मंजूर, पण पुस्तकं पाळकीणबाईंनी निवडायची नाहीत. निवडणारी बाई वयस्कर, साधी, भरवशाची हवी. चर्चच्या पैशानं भलतंसलतं घरात जाता कामा नये. एकदा तसं झालं की मंडळ बंद. वयस्कर, साधी आणि भरवशाची म्हणताच सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मागे वळून बघितलं, तर मागे भिंत.

मी चौथी पास. पास म्हणजे बाई कंटाळल्या आणि मला पुढे ढकललं. वाचताना ओळीखाली बोट लागतं आणि जोडाक्षर आलं की मी थांबते, नाल्यावर म्हैस थांबते तशी. पण मान कोणाला नको असतो? "बघते जमेल तसं," म्हणून मी त्या खुर्चीत बसले ती घट्ट.

पाळकीणबाई मला घरी सोडायला आली तेव्हा म्हणाली, "आजी, निवडताना मला सोबत न्याल? मी नुसती उभी राहीन."

मी म्हटलं, "कमिटीनं सांगितलंय नको म्हणून." काय माझा तोरा! जशी काही मी न्यायाधीश.

निवडीचे माझे नियम होते. अक्षर मोठं हवं, पुस्तक बारीक हवं आणि आत कोणी कोणाला मिठी मारता कामा नये. पहिलं पुस्तक निवडलं ते पोटाच्या विकारांवर. दुसरं एका सज्जन माणसाचं चरित्र, ज्याच्या हातून जन्मात काही चुकलं नव्हतं. आम्ही बसायचो चर्चच्या मागच्या खोलीत, जिथे रविवारी मुलांचा वर्ग भरतो. खुर्च्या मुलांच्याच, त्यामुळे बसलं की गुडघे हनुवटीला. तशा अवघडल्या जागीसुद्धा माझ्या पुस्तकांनी बायकांना झोप लागायची. बेकरीवाली तर घोरायची. पाळकीणबाई विचारायची, "कसं वाटलं?" सगळ्या म्हणायच्या, "छान आहे." मग चहा. तिचा चेहरा दर वेळी जरा जास्त उतरायचा आणि मी मनात म्हणायची, ही तब्येत सांभाळत नाही.

तिसऱ्या पुस्तकासाठी मी विहीणबाईंना घेऊन गेले. विहीण म्हणजे माझ्या सुनेची आई. मॅट्रिक झालेली, आणि ते मला विसरू देत नाही. बस थांब्यामागच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एकाच पुस्तकाचा दोरीनं बांधलेला गठ्ठा पडला होता. नाव 'शेजाऱ्याची मंडळी'. वर चित्र, एक फाटक आणि फाटकाशी पाठमोरी बाई.

आता, चर्चला जी सगळी माणसं येतात त्यांना आम्ही मिळून 'मंडळी' म्हणतो. मंडळीची सभा, मंडळीचे नियम, दिवसातून दहादा तो शब्द कानावर. मी म्हटलं, हे शेजारच्या चर्चविषयी दिसतंय. शेजाऱ्यावर प्रेम करा, तशातलं काहीतरी. उघडलं. पहिलीच ओळ, 'रविवारी सकाळी मंडळी नटून बसली होती.' घ्या! खाली होतं, 'घंटा वाजली आणि मंडळी लगबगीनं उठली.' अजून काय पुरावा हवा? अक्षरही कसं टपोरं.

दुकानदाराला म्हटलं, "चर्चच्या बायकांसाठी हवंय, चालेल ना?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं. "चालेल? पळेल, आजी!"

मंडळी म्हणजे बायको हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमचे हे जन्मभर 'आमची मंडळी' म्हणूनच माझी ओळख करून द्यायचे. पण चर्चच्या कामाला निघालं की शब्दसुद्धा कपडे बदलून येतात, अशी माझी समजूत. आणि विहीणबाई? तिनं मागचं पान वाचलं, ओठ दाबले आणि म्हणाली, "घ्या घ्या, उत्तम आहे." मला वाटलं, पहिल्यांदा माझं कौतुक केलं. गठ्ठा घेतला आणि घरोघर वाटून टाकला.

बैठकीच्या आदल्या दिवशी पाळकीणबाई माझ्या स्वयंपाकघरात आली. हातात पुस्तक.

"आजी, तुम्ही हे वाचलंत?"

"वाचलं की. मंडळीचं आहे."

"कुठपर्यंत वाचलंत?"

"मंडळी नटून बसली आणि उठली, तिथपर्यंत."

ती खाली स्टुलावर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. एवढ्या महिन्यांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. मग म्हणाली, "आजी, ही मंडळी म्हणजे बायको आहे. शेजाऱ्याची बायको. ती घंटा दाराची आहे. आणि फाटक उघडून ती जाते ती प्रार्थनेला नाही."

मी झारा खाली ठेवला. "कितीदा जाते?"

"पुस्तकभर."

मग तिचं हसू मावळलं. "उद्या सेक्रेटरीसाहेब बैठकीला बसणार आहेत, आजी. मंडळ चालू ठेवायचं की नाही ते बघायला."

मी चपला घातल्या आणि पुस्तकं गोळा करायला निघाले. परत द्यायला एकीचा हात सुटेल तर शपथ! बेकरीवाली गल्ल्यावर बसून वाचत होती, समोर गिऱ्हाईक ताटकळत. "आत्ता नाही आजी, तो पत्र लिहितोय." विहीणबाई म्हणाली, "हरवलं," आणि उशीवर नीट टेकून बसली. त्या उशीला चांगले चार कोपरे जास्त होते.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीसाहेब वेळेआधी हजर. एवढा उंच माणूस, मुलांच्या खुर्चीत दुमडून बसला. खोलीत एकही बाई पेंगत नव्हती.

"आजीबाई, या महिन्याचं पुस्तक कशावर आहे?"

"मंडळीवर," मी म्हटलं. खोटं काय त्यात?

"अरे वा! काय होतं मंडळीचं?"

"भरकटते."

"का?"

विहीणबाई पुढे सरसावली. "शेजारी गाणं फार सुरेल होतं. त्या ओढीनं जाते."

"आणि घरच्यांनी लक्ष दिलं नाही तर मंडळी जाणारच की!" बेकरीवाली कडाडली.

साहेबांनी मान डोलावली. "अगदी खरं. त्या हमरस्त्यावरच्या नव्या चर्चमध्ये आपली कितीतरी कुटुंबं गेली, ती गाण्यांसाठीच. मग मंडळी टिकवायची कशी, ते लिहिलंय का?"

"दिवसातून एकदा तरी तिच्याशी दोन शब्द बोलावं," बेकरीवाली म्हणाली. "कशी आहेस, दमलीस का, विचारावं. सदा आपलं हिशेब आणि हुकूम!"

"वा, वा!" साहेब उभे राहिले, खुर्चीही त्यांच्याबरोबर थोडी उठली. "बायकांत एवढं मनन चालतं, मला कल्पना नव्हती. मंडळ चालू राहील. रविवारी मी हे पुस्तक सगळ्यांपुढे जाहीर करतो, प्रत्येक घरात हवं. आणि आजीबाई, निवडीचं काम कायमचं तुमच्याकडे."

सगळ्या बायका सुटल्या. मी तर देवाचे आभारही मानून टाकले. तेवढ्यात पाळकीणबाई उठली.

"साहेब, थांबा. ही आपली मंडळी नाही. ही मंडळी म्हणजे बायको."

साहेबांनी विचारलं, "कोणाची?"

"नावातच आहे."

साहेबांनी पुस्तक हातात घेतलं. फाटक बघितलं, पाठमोरी बाई बघितली. बाहेर कोणी सायकलची घंटी वाजवली ती सगळ्यांना ऐकू आली.

"आजीबाई, हे तुम्ही निवडलंत?"

"हो."

"वाचून?"

"एक पान. तेही पूर्ण नाही."

"मग निवडलंत कशावरून?"

"अक्षर मोठं होतं."

बेकरीवालीला खोकल्याची उबळ आली. साहेब पाळकीणबाईंकडे वळले. "तुम्ही गप्प राहिला असतात तर मंडळ चाललं असतं."

"चाललं असतं," ती म्हणाली. "पण रविवारी तुम्ही सगळ्यांपुढे तोंडघशी पडला असतात. आणि पुस्तकाविषयी खोटं बोलायचं, तर मंडळ कशाला हवं? पुस्तक वाईट नाही, साहेब. पण मधला भाग कच्चा आहे आणि शेवटी त्या बाईला उगाच मारून टाकलंय. लिहिणाऱ्याला पुढे सुचलं नाही म्हणून."

"उगाच कसं?" विहीणबाई ताडकन म्हणाली. "तिला शिक्षा नको?"

"आणि त्याला कुठे झाली?" बेकरीवाली उसळली. "तो बसलाय गात!"

"नवऱ्याचं काय? तो कधी बोलला तिच्याशी?" तिसरीच एक म्हणाली.

आणि जी जुंपली! 'छान आहे' म्हणणाऱ्या बायका एकमेकींची बोलणी तोडत होत्या, बोटं नाचवत होत्या. एकीनं तर पान उघडून मोठ्यानं वाचून दाखवलं, कुठलं ते इथे सांगत नाही. पाळकीणबाई मध्ये उभी राहून, "एकेकीनं, एकेकीनं," म्हणत होती, आणि चष्म्याची दांडी सुटून लोंबत होती ती तिच्या गावीही नव्हती. साहेब भिंतीवरच्या मुळाक्षरांच्या तक्त्याकडे बघत उभे. बरंच ऐकून घेतल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"हे पुस्तक जाहीर होणार नाही," ते म्हणाले. "आजीबाईंकडची निवड मी काढून घेतो. यापुढे पाळकीणबाई निवडतील. निदान त्या पुस्तक शेवटपर्यंत वाचतात." दारापर्यंत गेले आणि वळले. "पण चोरीला जाणारंच हवं असं नाही."

अशी माझी हकालपट्टी झाली. विहीणबाई त्या दिवसापासून मला 'भरवशाच्या' म्हणून हाक मारते. मारू दे.

परवा मी पाळकीणबाईंकडे गेले, तर टेबलावर पुस्तकं पसरलेली. ती एकेक उचलायची, आधी मधलंच पान उघडायची, मग पहिलं, मग खिडकीशी नेऊन उजेडात धरायची. एक बाजूला ठेवलं, परत घेतलं, परत ठेवलं. फुलं लावताना ती असं कधी करत नाही.

मी म्हटलं, "ते जाडजूड नको बाई, अक्षर बघ केवढं बारीक."

"आजी," ती मान वर न करता म्हणाली, "जरा गप्प बसा. मी कामात आहे."

मी गप्प बसले.