गंजीची टोपी

आता माझ्या हुशारीचं काय सांगू तुम्हाला! चहा आधी संपवा, नाहीतर ऐकताना ठसका लागायचा.

मी दारव्ह्याला शाळेत गणित शिकवतो. शंकू आला की पोरं हमखास एकच घोळ घालतात: तिरकस उंचीच्या जागी सरळ उभी उंची! मग मी गरजायचो, "लेकहो, शेंड्यावरून खाली यायचं तर उतारावरून येणार की पोटातून? तिरकस उंची विसरणाऱ्याचं जगात काही होत नाही!" हे वाक्य मी घरीही इतक्यांदा ऐकवलं, की बायकोला पाठ झालं.

तर दिवाळीआधी आम्ही बोरी अरबला माझ्या सासरी गेलो. घरामागच्या वावरात सोयाबीनची गंजी रचलेली, चांगली उंच, वर निमुळती. थ्रेशरवाला आज येतो, उद्या येतो करत होता आणि इकडे आभाळ भरून येत होतं. सासरे ताडपत्री आणायला निघाले.

मी आडवा गेलो. "मामाजी, ताडपत्री चौकोनी, गंजी गोल. चारही कोपरे वाया! मी मापाची टोपीच शिवून आणतो."

"जवाईबापू, जराशी मोठी असली त बरं राह्यते," सासरे हळूच म्हणाले.

"अंदाजानं कायले? गणित कशासाठी असते मग?"

जावयाला 'नाही' म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. या एका पद्धतीनं किती घरं बुडाली असतील, देव जाणे! मी दोरीनं घेर मोजला, गंजीशेजारी बांबू उभा धरून उंची घेतली, जमलेल्या शेजाऱ्यांना शंकूवर छोटंसं व्याख्यानही दिलं. मग दारव्ह्याहून टोपी शिवून आणली, ऐटीत!

तुम्ही ओळखलंच असेल. मी नाही ओळखलं!

टोपी चढवली. शेंडा झकास झाकला गेला. खाली मात्र चहूबाजूंनी हातभर सोयाबीन उघडं! इकडून ओढली की तिकडून वर जाई.

"आखूड काहून झाली हो?" बायकोनं विचारलं.

"शिवणाऱ्यानं कापड मारलं असन!" मी ठणकावून सांगितलं.

तिनं गंजीकडे पाहिलं, मग बांबूकडे. "तुमी माप बांबूवरून घेतलं ना? अन् टोपी त उतारावरून येते!"

तेवढ्यात पहिला थेंब पडला, नेमका माझ्या टकलावर. मग काय धावपळ! खताची रिकामी पोती आली, ओसरीवरचं प्लास्टिक आलं, शेवटी सासूबाईंनी जावयासाठी खास काढलेली नवीकोरी सतरंजीही गंजीवर टाकली. घरात आल्यावर मला बसायला काहीच उरलं नव्हतं. उभाच राहिलो, त्या बांबूसारखा.

एवढं करूनही खालच्या शेंगा भिजल्याच. सासऱ्यांची वर्षाची मेहनत ती! मला फार वाईट वाटलं. पण सासरे जुन्या वळणाचे. म्हणाले, "तुमचं गणित बराबरच असन, जवाईबापू. गंजीच चुकीची रचल्या गेली."

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो!

परतताना एसटीत मी बायकोला म्हटलं, "आता पोरांना कोणत्या तोंडानं सांगू, की तिरकस उंची विसरणाऱ्याचं जगात काही होत नाही म्हणून?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "होते ना! माह्या बापाचा जवाई होते."